खुर्चीत बसायची परीक्षा

बाईंचा आवाज आधी यायचा, मागून बाई. खालच्या जिन्यावर असतानाच "मामा, त्या पंख्याला तेल कोण घालणार, मी?" हे वाक्य वरच्या मजल्यावर पोचायचं आणि पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात सकाळ व्हायची. ज्यांचे पाय खाटेबाहेर लोंबकळत असत ते वर घेत, ज्यांनी न संपलेला नाश्ता उशीमागे लपवलेला असे ते तो निमूट पुढे ओढत, आणि शिकाऊ डॉक्टर उगाचच आपल्या कोटाची बटणं चाचपत. अशी एन्ट्री मिळावी म्हणून नटमंडळी देव पाण्यात घालून बसतात. बाईंना ती रोज फुकट मिळत होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

बाई म्हणजे त्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर. बुटक्या, रुंद बांध्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पायात आवाज न करणारे बूट आणि कमरेला आवाज करणारा किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यातली सगळ्यात लांब किल्ली चादरींच्या कपाटाची. ती त्यांनी कधी कोणाच्या हाती दिली नाही. चादर हवी असेल तर बाईंकडे जायचं. बाई आधी डागाकडे बघणार, मग रुग्णाकडे बघणार, मग मागणाऱ्याकडे, आणि तिघांचीही खात्री पटली तर कपाट उघडणार. वॉर्डच्या मधोमध एक टेबल होतं आणि टेबलामागे बाईंची खुर्ची. त्या खुर्चीत बाईंना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिच्यावर घड्या घातलेल्या चादरी बसत.

"बाई, जरा टेका की," वॉर्डबॉय मामा म्हणायचे. हे मामा वॉर्डातच म्हातारे झाले होते, पण हुद्दा बॉयचाच.

"टेकले तर वॉर्ड झोपेल," बाई म्हणायच्या.

आणि अशा या बाईंनी एके दिवशी मास्टर्सच्या वर्गात नाव घातलं. विषय, नर्सिंगमधलं नेतृत्व आणि व्यवस्थापन.

त्याचं मूळ वरच्या मजल्यावरच्या बैठकीत होतं. तिथे एक लांबलचक टेबल होतं. भोवती मोठे डॉक्टर, हिशेबवाले, लिफ्टचा इंजिनिअर, सगळे बसत. परिचारिकांच्या वतीनं एकट्या मेट्रनबाई. एकदा मेट्रनबाई आजारी होत्या म्हणून बाईंना पाठवलं. त्यांच्यासाठी खुर्ची काढायची कोणाला सुचलं नाही. बाई दाराशी, पिण्याच्या पाण्याच्या मशीनपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी ठणकावून सांगितलं की दुपारच्या ड्युटीला माझ्या अख्ख्या वॉर्डात दोनच पोरी असतात, तिसरी पाहिजे. एका फार सभ्य अधिकाऱ्यानं चष्मा काढून उत्तर दिलं, "बाई, तुमच्या भावना पोचल्या. पण हे नीट मांडून आणा."

घरी येऊन बाईंनी पिशवी आपटली. "अहो, मांडून आणा म्हणजे काय हो?"

बाईंचे यजमान एकेकाळी टायपिंगचा क्लास चालवायचे. क्लास केव्हाच बंद पडला होता, पण बोटं अजून दहाही चालायची आणि जीभ अकरावी. "म्हणजे तेच बोलायचं," ते म्हणाले, "पण बसून, हळू आवाजात आणि तक्ता दाखवत."

"माझ्या बोलण्याला काय धाड भरलीय?"

"काही नाही. बोलणं सगळ्यांना ऐकू येतं, एवढीच अडचण आहे. ऐकू आलं की लोक ऐकत नाहीत."

मेट्रनबाई दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी मास्टर्स लागत होतं. बाईंना पदाची हौस किती होती कोण जाणे, पण त्या लांब टेबलाभोवतीची एक खुर्ची त्यांच्या डोक्यात जी जाऊन बसली ती उठेना. ती खुर्ची मिळाली की तिसरी पोरगी मिळणार, हे त्यांचं साधं गणित होतं.

शनिवार-रविवारचे वर्ग. बाकावर सगळ्या लेकीच्या वयाच्या पोरी, आणि पहिल्या बाकावर बाई, डबा, पाण्याची बाटली आणि वाचायचा चष्मा घेऊन. पहिल्याच तासाला दारातून प्राध्यापिका आत आल्या. उंच, नीटनेटक्या, हातात लॅपटॉप. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, ती बाईंपाशी थांबली आणि त्यांचा चेहरा एकदम अठरा वर्षांच्या पोरीसारखा झाला.

"बाई... तुम्ही?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "गाठोडं!"

वर्गात हशा पिकला. खूप वर्षांपूर्वी ही प्राध्यापिका शिकाऊ परिचारिका म्हणून बाईंच्या वॉर्डात आली होती. चादरीचा कोपरा पाकिटासारखा ताठ दुमडायचा असतो, तो तिला काही केल्या जमत नसे. गादीच्या कडेला कपड्यांचं बोचकं बांधल्यासारखं दिसे. म्हणून बाईंनी तिचं नाव गाठोडं ठेवलं होतं आणि ते तिला सहा महिने चिकटलं होतं.

"आता मॅडम म्हणायचं हं बाई," मागची एक पोरगी कुजबुजली.

"म्हणीन ना," बाई म्हणाल्या. "वर्गात मॅडम. वर्गाबाहेर आमचं आम्ही बघू."

मॅडम हसल्या, पण त्या हसण्यात थोडी धाकधूक होती. ज्यांच्यासमोर आपण रडलो, त्यांना आता गुण द्यायचे, हे काम सोपं नसतं.

पहिलं वर्ष बाईंनी मारून नेलं. पेपर वाचायच्या, यजमानांना सांगायच्या, यजमान टाइप करायचे आणि मध्येच बोटं थांबवून विचारायचे, "हे 'संघभावना वृद्धिंगत करणे' म्हणजे काय करायचं नेमकं?"

"पोरींना चहा पाजायचा."

"मग तसं लिहू का?"

"तसं लिहिलं तर नापास करतील. लिहा, वृद्धिंगत."

दुसऱ्या वर्षी मात्र लिहिण्याचं काम संपलं आणि करण्याचं आलं. प्रत्येकीनं आपापल्या वॉर्डात एक बदल करून दाखवायचा होता. बाईंनी निवडली ओव्हर. ओव्हर म्हणजे ड्युटी संपवणाऱ्या सिस्टरनं येणाऱ्या सिस्टरला अख्खा वॉर्ड तोंडी सोपवणं. ते आजवर टेबलाशी उभं राहून व्हायचं, गाडी सुटायच्या घाईनं. चार नंबर हर्निया, पाच नंबर अपेंडिक्स, सहा नंबर घरी. माणूस म्हणून कोणी त्यात नसायचंच. आता बाईंच्या नव्या पद्धतीत दोघींनी प्रत्येक खाटेपाशी जायचं, रुग्णासमोर त्याची हकीकत सांगायची आणि शेवटी त्यालाच विचारायचं, आमचं काही सांगायचं राहिलं का?

मॅडमना कल्पना आवडली. मग त्यांनी हळूच परीक्षेची अट सांगितली.

"मी एका सकाळी वॉर्डात येईन. ओव्हर सुरू होईल. तुम्ही खुर्चीत बसायचं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एक शब्द बोलायचा नाही."

"खुर्चीत?" बाईंनी असं विचारलं, जणू त्यांना झुंबराला लटकायला सांगितलं होतं.

"नेतृत्वाची परीक्षा आहे बाई. काम तुम्हाला येतं, ते मला आधीपासून माहीत आहे. तुमच्याशिवाय ते होतं का, एवढंच बघायचंय. दोन संधी मिळतात. दोन्ही गेल्या तर पदवी गेली, नियमच तसा आहे."

बाई हसून म्हणाल्या, "ओव्हर पोरी देणार, मी बसणार. यात मला काय करायचंय!"

तयारी जोरात सुरू झाली. तालीम म्हणजे काय हे बाईंना शिकवावं लागलं नाही. त्यांनी पोरींना एकेका खाटेपाशी इतक्या वेळा नाचवलं की रुग्णांचे संवाद पाठ झाले. पाच नंबरचे गृहस्थ तर सिस्टर अडखळली की पुढचं वाक्य पुरवू लागले. कच्ची एकच होती. नव्यानं लागलेली एक बारीकशी सिस्टर, जिचा आवाज खाटेच्या दुसऱ्या टोकाला पोचत नसे. तिला सगळे चिमणी म्हणत.

"चिमणे, पेशंटला सांगतेयस की उशीला?" बाई विचारायच्या.

"पेशंटला, बाई."

"मग उशी का मान डोलावतेय?"

परीक्षेचा दिवस उजाडला. खुर्चीवरच्या चादरी हलवल्या गेल्या आणि बाई खुर्चीत बसल्या. त्या बसल्यावर खुर्ची कुरकुरली. तिलाही सवय नव्हती. मॅडम भिंतीशी उभ्या राहिल्या आणि ओव्हर सुरू झाली.

पहिल्या दोन खाटा झकास. तिसऱ्या खाटेपाशी सिस्टर पोटातली नळी सांगायला विसरली आणि पुढे निघाली. खुर्चीतून एक खोकला आला. सिस्टर जागच्या जागी वळली. "आणि हो, नळी आहे, त्यातून थोडं पाणी येतंय."

सहाव्या खाटेपाशी दोन छोटे खोकले. "सलाईन दुपारी बंद करायचं आहे."

नवव्या खाटेपाशी घसा खाकरल्याचा लांबलचक आवाज. चिमणी घाबरून म्हणाली, "ड्रेसिंग! ड्रेसिंग राहिलं सांगायचं!"

खरी गंमत अशी की बाईंना आपण काही चुकीचं करतोय हे कळतच नव्हतं. मोठे डॉक्टर राउंडला आले की त्यांच्यासमोर पोरींना ओरडता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ही खोकल्याची भाषा त्या वॉर्डात आपोआप तयार झाली होती. विंगेत उभ्या असलेल्या प्रॉम्प्टरला जसं वाटतं की प्रेक्षकांना आपण ऐकू येत नाही, तसं बाईंना वाटत होतं. मात्र प्रेक्षकांना सगळं ऐकू येत असतं. अकरा नंबरच्या म्हाताऱ्यानं शेवटी काकुळतीला येऊन म्हटलं, "अहो, आधी त्या खुर्चीतल्या बाईंना दाखल करून घ्या. छाती भरलीय त्यांची."

ओव्हर संपली. मॅडम बाईंना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"खोकला कधीपासून आहे?"

बाईंनी तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या कानापर्यंत लाल झाल्या. "नापास?"

"यावेळी."

"एक शब्द बोलले नाही मी!"

"नाही बोललात. पण त्या पोरी पेशंटकडे बघतच नव्हत्या बाई. त्यांचे कान खुर्चीकडे होते."

बाईंना राग आला. राग आला की त्या जुनी नावं काढत. "गाठोड्या, तुला मी घडवलं."

"हो," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आठवतंय? एका दुपारी तुम्ही माझी चादर उसकटून टाकलीत. मी घातली, तुम्ही उसकटलीत. घातली, उसकटलीत. मला रडू कोसळलं. मग कोणीतरी तुम्हाला खाली बोलावलं आणि तुम्ही गेलात. परत आलात तेव्हा कोपरा ताठ होता. तुम्ही म्हणालात, बघ, माझ्यामुळे जमलं."

"मग?"

"तुम्ही गेलात म्हणून जमलं, बाई. तुम्ही समोर उभ्या असलात की माझी बोटं चादरीवर नसायची, तुमच्या भुवयांवर असायची."

 व्हरांड्यातल्या नळाखाली बाईंनी हात धुतले. हात स्वच्छ होते, तरी धुतले. आणि आत जाऊन पहिली गोष्ट केली ती ही, की दुसऱ्या दिवशीची सुट्टी टाकली. वॉर्डानं ती बातमी अशी ऐकली, जसं कोणी म्हणावं की उद्या जिना सुट्टीवर आहे.

सुट्टीच्या सकाळी बाई घरी बसल्या. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. यजमानांनी कांदा चिरायला घेतला तर "तसा नाही हो, आडवा." चहा ठेवला तर "आधी साखर." वर्तमानपत्राची घडी घातली तर "मधोमध घाला ना."

"तुझी परीक्षा वॉर्डात आहे की घरी?" यजमान म्हणाले. "मला चहा करता येतो, हे तुला लग्नाला इतकी वर्षं होऊन समजलं नाही, तर पोरींना ओव्हर देता येते हे कसं समजणार?"

बाईंनी ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात त्यांचा हात सवयीनं कमरेकडे गेला आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. घरच्या कपड्यांतही जुडगा कमरेलाच होता. चादरींच्या कपाटाची किल्ली!

"अहो, पोरी उघड्या गाद्यांवर माणसं झोपवतील!"

"फोन कर."

"फोनवरून किल्ली जाते का?"

घरच्या कपड्यांत, पायात घरातल्या चपला, केस अर्धे बांधलेले, अशा अवतारात बाईंनी बस पकडली. बसमध्ये एका मुलानं उठून जागा दिली तरी बसल्या नाहीत. बसलं की बस हळू जाईल असं त्यांना वाटत असावं. जिना चढताना आज त्यांनी आवाज दिला नाही, दम नव्हता. वॉर्डच्या दारात येऊन त्या थबकल्या.

सगळ्या खाटांवर चादरी बदललेल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, ताठ. कोपरे पाकिटासारखे. कपाटाची दारं सताड उघडी होती आणि मामा वरच्या फळीवर उशांचे अभ्रे रचत होते, गुणगुणत.

"मामा!"

मामांच्या हातातले अभ्रे खाली पडले. "बाई? तुम्ही तर सुट्टीवर..."

"कपाट कसं उघडलंत?"

मामांनी टेबलाकडे बघितलं, छताकडे बघितलं, शेवटी पाच नंबरच्या गृहस्थांकडे बघितलं, पण तेही आज संवाद पुरवेनात. मग त्यांनी गळ्यातल्या दोऱ्यातून एक लांब किल्ली बाहेर काढली.

"दुसरी करून घेतली होती," ते म्हणाले.

"केव्हा?"

"तुमच्या लेकीच्या बाळंतपणाला तुम्ही गेला होतात ना, तेव्हा."

"मामा, ती नात आता शाळेत जाते!"

"हो ना. भराभर वाढतात मुलं," मामा म्हणाले.

 बाई टेबलापर्यंत चालत गेल्या. खुर्ची रिकामी होती, चादरी नव्हत्या तिच्यावर, सगळ्या खाटांवर गेल्या होत्या. बाई तिच्यात बसल्या. स्वतःहून. आपल्या जुडग्यातली किल्ली हातात घेऊन बघत राहिल्या. इतकी वर्षं हा वॉर्ड आपल्या पाठीमागे कपाट उघडत होता, चादरी घालत होता, कपाट पुन्हा बंद करून आपल्यासमोर भोळा चेहरा करत होता. एवढं सुंदर नाटक, आणि आपण एकट्याच प्रेक्षक.

आधी त्यांचे डोळे भरले. मग खांदे हलायला लागले. चिमणी धावत आली, "बाई, रडू नका ना." पण बाई हसत होत्या. अशा हसत होत्या की सात नंबरच्या रुग्णानं आपले टाके धरून म्हटलं, "थांबवा हो त्यांना, मला हसू आलं तर टाके उसवतील."

"आणखी काय काय करता माझ्या मागे?" डोळे पुसत बाईंनी विचारलं.

आता धीर चेपला होता. एक म्हणाली, "इमर्जन्सी ट्रे आम्ही संध्याकाळी पण तपासतो." दुसरी म्हणाली, "नव्या पेशंटला वॉर्ड फिरवून दाखवतो." आणि चिमणी, जमिनीकडे बघत, "मी पेशंटना ओव्हरच्या आधीच विचारून ठेवते, तुम्ही स्वतः काय सांगणार म्हणून. म्हणजे ते घाबरत नाहीत."

"ते माझ्यासमोर का नाही केलंस?"

"तुम्ही खोकाल म्हणून."

त्या दिवसापासून बाईंची उलटी तालीम सुरू झाली. ओव्हरची वेळ झाली की त्या वॉर्डातून निघून जायच्या. पहिल्यांदा व्हरांड्यात थांबल्या, पण दाराच्या काचेतून त्यांचं नाक दिसायचं. मग जिन्यात, मग खाली लिफ्टवाल्याशेजारच्या बाकावर. लिफ्टवाला विचारायचा, "वर नेऊ का, बाई?" बाई म्हणायच्या, "दोन्ही हातांनी धरून ठेव मला." यजमानांच्या हातचा चहा त्या निमूट प्यायला शिकल्या. कांदा उभा चिरला तरी भाजी होते, हा शोध त्यांना लागला. कपाटाची किल्ली त्यांनी टेबलाच्या बाजूला खिळ्याला टांगली. मामांनी आपली गळ्यातली मात्र तशीच ठेवली. "राहू दे," ते म्हणाले, "माझी आता भावनिक आहे."

दुसरी परीक्षा आली. आज पाडाव झाला तर दोन वर्षं पाण्यात, टेबलाभोवतीची खुर्ची गेली आणि दुपारची तिसरी पोरगीही गेली. बाई खुर्चीत बसल्या. दोन्ही हात मांडीवर, तोंडात खडीसाखरेचा खडा, घशाला निमित्त नको म्हणून. मॅडम भिंतीशी.

सकाळची ओव्हर द्यायची होती चिमणीला. बाईंनी खडीसाखर एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली, पण भुवई हलली नाही.

चिमणीचा आवाज अजून लहानच होता. फरक एवढाच की ती आता खाटेच्या टोकाशी नाही, उशाशी जाऊन बोलत होती, आणि तो जिथे पोचायला हवा तिथे नेमका पोचत होता. एकेक खाट सरली. रुग्ण बोलत होते, विचारत होते. खुर्चीकडे कोणी बघत नव्हतं. बाईंना ते बरंही वाटत होतं आणि थोडं टोचतही होतं.

मग आली खिडकीजवळची खाट. तिथे आदल्या दिवशी एक आजोबा आले होते, निवृत्त बंबवाले. त्यांना दुखणं थांबवायचं एक इंजेक्शन अजिबात चालत नव्हतं. मागे एकदा दिलं होतं तेव्हा अंगभर गांधी उठून श्वास अडकला होता. दाखल करतानाच ते त्यांनी सांगितलं होतं आणि तेव्हा बाई तिथेच होत्या.

चिमणीनं ऑपरेशन सांगितलं. नळी सांगितली. ड्रेसिंग, बी.पी., लघवी. "दुखण्यावरचं औषध दुपारी द्यायचंय," ती म्हणाली, आणि हातातला कागद खाली केला.

बाई थांबल्या. आता सांगेल. आता. चिमणी गप्प उभी. ओव्हर घेणारी सिस्टर पुढच्या खाटेकडे वळायच्या बेतात. बाईंच्या दातांखाली खडीसाखर कडकन फुटली. गेली पदवी तर गेली, असं त्या मनाशी म्हणाल्या का, कोण जाणे. मनाशी म्हणायला वेळच नव्हता. त्या उठल्या. खुर्ची करकरत मागे सरकली. तोंड उघडलं.

"बाई, बसा," चिमणी म्हणाली. "माझं संपलेलं नाही."

आवाज लहानच होता. पण अख्ख्या वॉर्डानं ऐकला. मामांच्या हातातली बादली तिथेच थांबली. त्या वॉर्डात बाईंना आजवर 'टेका' म्हणून विनंती झाली होती. 'बसा' म्हणून सांगितलं कोणी नव्हतं.

बाई बसल्या.

चिमणी आजोबांकडे वळली. "आजोबा, आता तुमची पाळी. काल ठरलंय ना आपलं? सिस्टरना सांगा."

आजोबा उशीवर सरळ झाले. "सांगतो ना! पोरी, ते दुखण्याचं इंजेक्शन मला अजिबात द्यायचं नाही. ते दिलं की माझ्या अंगाला आग लागते. आयुष्यभर लोकांच्या आगी विझवल्या मी, आता या वयात स्वतःची कुठे विझवत बसू?"

"म्हणून डॉक्टरांकडून सकाळीच बदलून घेतलंय," चिमणीनं पुढे सांगितलं. "दुपारी गोळी द्यायची, इंजेक्शन नाही. हाताला लाल पट्टी बांधलीय. आजोबा, आमचं काही राहिलं?"

"राहिलं. तो पंखा कुरकुरतो."

ओव्हर संपेपर्यंत बाई तशाच बसून होत्या. मग मॅडम आल्या. बाई उभ्या राहिल्या. दोघी व्हरांड्यात गेल्या, त्याच नळापाशी.

"उठले मी," बाईच आधी म्हणाल्या. "तुझा नियम मोडला. आणि खरं सांगते, उद्या असंच झालं तर पुन्हा उठेन. गुण कमी कर नाहीतर काढून टाक."

"तुम्ही बसून राहिला असतात ना, बाई," मॅडम म्हणाल्या, "तर मी नापास केलं असतं. माणसाचा जीव जात असताना परीक्षेसाठी गप्प बसणारी इन्चार्ज घेऊन काय करू?"

बाईंना कळेना. "म्हणजे?"

"बघायचं होतं ते मला दिसलं. मी इथे शिकत होते तेव्हा तुम्हाला 'बसा' म्हणायची छाती कोणाची होती? आणि कोणी म्हटलं असतं, तर तुम्ही बसला असतात?" मॅडमनी हातातली फाइल मिटली. "पास झालात."

बाईंनी मॅडमकडे बघितलं. उंच, नीटनेटकी, हातात कागदांची फाइल. मग त्यांनी हात वर करून, टाचा उंचावून, तिच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली.

"कोपरे अजून गचाळच तुझे, गाठोड्या," त्या म्हणाल्या, आणि दोघींना एकदमच हसू फुटलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा यजमान स्वयंपाकघरात होते. गॅसवर दूध ठेवलेलं, आणि ते ओव्हरवरच्या टाइप केलेल्या अहवालाची पानं जुळवत उभे.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

बाई खुर्ची ओढून स्वयंपाकघरात बसल्या. पाय लांब केले. काही बोलल्या नाहीत.

"अगं, काय झालं? पास की नापास?"

बाई हसत होत्या. नजर यजमानांच्या खांद्यावरून पलीकडे, पातेल्याकडे. दूध चढत होतं. आधी कडेनं साय सुरकुतली, मग मधोमध फुगली.

"बोल की! चेहऱ्यावरून तर पास दिसतेस. मग बोलत का नाहीस? मॅडम काय म्हणाल्या? ती चिमणी घाबरली का? आणि अशी काय बघतेस माझ्या मागे? मागे काय आहे?"

यजमान वळले. दूध पातेल्यावरून उतरून गॅसवर फसफसत होतं.

"अगं, दूध गेलं ना! दिसत होतं तर सांगायचं नाही का?"

"मला काय वाटलं," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "तुमचं संपलेलं नाही."